पाळीव प्राण्यांचे छायाचित्रण : दर ठरवायचा कसा?

प्रश्न : गेली २ वर्षे मी हौसेने मित्रमंडळींच्या कुत्र्या-मांजरांची छायाचित्रे काढत आहे. आता ओळखीबाहेरचे लोकही विचारू लागले आहेत, पण पैशांचा विषय निघाला की जीभ अडखळते. तासाभराच्या कामाचे किती मागावेत? सुरुवातीला दर कमी ठेवावा का?

उत्तर : आपली अडचण ‘तासाभराचे काम’ या शब्दांतच आहे. प्राण्यासमोर आपण तासभर असता हे खरे. परंतु आधीचे बोलणे, जाणे-येणे, ३००-४०० छायाचित्रांतून २५ निवडणे आणि गळ्यातली साखळी संगणकावर पुसणे, हे सारे धरले तर त्याच कामाचे सहज ७ तास होतात. पुढची ५ कामे घड्याळ लावून करा आणि खरे तास वहीत टिपा. त्यानंतर कॅमेरा-लेन्सची झीज, सॉफ्टवेअरचे शुल्क, विमा आणि प्रवास असा वर्षाचा खर्च मांडा, त्यात कर व घरी न्यायची रक्कम मिळवा आणि वर्षात खरोखर झेपतील तेवढ्या कामांनी भागा. ६० कामे झेपत असताना १०० ने भागू नका; नवखे छायाचित्रकार बहुधा इथेच बुडतात. येईल तो आपला किमान दर. छापील प्रती आणि अल्बम यांचे पैसे वेगळे घ्यावेत.

कमी दराने सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण स्वस्त म्हणून आलेला ग्राहक दर वाढताच निघून जातो. त्याऐवजी नमुन्यादाखल ५-६ कामे विनामूल्य करा आणि प्राणी स्वतः निवडा. काळा कुत्रा अवश्य घ्या : कॅमेरा काळ्या केसांना करडे करू पाहतो, म्हणून एक्स्पोजर (कॅमेऱ्यात घेतला जाणारा प्रकाश) थोडे उतरवून खिडकीचा उजेड बाजूने घेतला की केस न् केस उठून दिसतो. सवलत द्यावीशी वाटलीच, तर बिलावर पूर्ण दर लिहून ती वेगळी दाखवा.

पहिली १५ मिनिटे कॅमेरा बाहेर काढू नका. जमिनीवर बसा, प्राण्याला पिशवी हुंगू द्या. कुत्रा वारंवार जांभया देऊ लागला, ओठ चाटू लागला किंवा तोंड फिरवू लागला, तर तो ताणाखाली असण्याची शक्यता असते, तेव्हा थांबा. ही १५ मिनिटेही दरात धरलेली असावीत, म्हणजे घाई करावीशी वाटणार नाही.

निम्मी रक्कम आगाऊ घ्या, छायाचित्रे जाहिरातीत वापरण्याची परवानगी लेखी घ्या, आणि प्राणी आजारी पडल्यास एकदा तारीख बदलून देण्याची अट स्वतःहून घाला. अखेरच्या दिवसांतल्या प्राण्यासाठी कोणी विचारले, तर मात्र त्याला रांगेत न ठेवता त्याच आठवड्यात जा.