कडेपासून सुरुवात कर

नाशिक
श्रावणातला सोमवार

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं, सोबतची चित्रंही मिळाली. गोदाघाट, दुतोंड्या मारुती, द्राक्षांचे घड, चारही कोपऱ्यांत रामकुंडाच्या पायऱ्या. हात चांगला आहे तुझा. पायऱ्यांवरचं ओलं पाणी ज्या निळ्या-करड्या रंगात दाखवलंस, तो रंग मी काल घाटावर जाऊन पुन्हा बघून आले. रेशमी स्कार्फची छपाई कुणाकडून करून घेऊ आणि पहिले पन्नास कितीला विकू, असं तू विचारलंस. त्याकडे येते, पण त्याआधी एक सांगते. तुझ्या सगळ्या चित्रांची चौकट कापडाच्या टोकापर्यंत भिडली आहे. कड कुठे येणार, ती किती कापड खाणार, कोणत्या बाजूला वळणार, यातलं काहीच तू ठरवलेलं नाहीस. अशी छपाई करून आणलीस तर द्राक्षांचे निम्मे घड माझ्या बोटांखाली गुंडाळले जातील.

गेली चौतीस वर्षं मी रेशमाच्या कडा वळते आहे. सुरुवात साड्यांच्या फॉल-पिकोपासून झाली. जुन्या नाशकात गल्लोगल्ली जशी पाटी असते, तशीच माझ्या दारावर होती. मग एक दिवस कॉलेज रोडला राहणाऱ्या एक बाई मुलीने पॅरिसहून आणलेला, एर्मेस या फ्रेंच कंपनीचा चौकोनी रुमाल घेऊन आल्या. एका कोपऱ्याचे टाके सुटले होते. मी रुमाल हातात घेतला आणि बराच वेळ सुई लावायचं धाडसच होईना.

एर्मेस हे चौकोनी स्कार्फ 1937 पासून काढते. नव्वद सेंटीमीटर लांब, नव्वद रुंद, कापड तिरक्या विणीचं, छपाई फ्रान्सच्या ल्योन शहराकडची. रेशमाच्या धंद्यात ल्योनचं नाव किती जुनं आहे ते तुला ठाऊक असेलच, आपल्या मागांवर नक्षी विणायला बसतो तो जॅकार्डही तिथल्याच माणसाचा. पण माझी नजर गेली ती कडेवर. कापड उलट्या बाजूकडून सुलट्या बाजूवर वळवून आणलेलं होतं, अगदी गोल, आतून भरलेलं. मशीनच्या कडेसारखं ते कुठे चपटं पडलं नव्हतं. टाका दिसतच नव्हता. जिथे सुटलं होतं तिथून आणखी चार टाके मी भिंगाखाली उकलून बघितले, तेव्हा कळलं. दोरा त्या गोल वळकटीच्या पोटातून सरकत जातो, बाहेर येऊन खालच्या कापडाचा एखाद-दुसराच धागा उचलतो आणि पुन्हा पोटात शिरतो.

मला एकदम आजी आठवली. चातुर्मासात ती लाख वाती वळायची. अंगठा आणि तर्जनी किंचित ओली करून कापूस असा फिरवायची की वात सगळीकडे सारखी, कुठे फुगीर नाही, कुठे सैल नाही. तुझ्या घरी लग्नाच्या रुखवतासाठी कुणी गव्हले वळताना बघितलं असशील तर तीच चाल. त्या कडेला मी त्या दिवसापासून वळलेली कड म्हणते. ती बोटं तुझ्या घरात असतील. आधी आजीला विचार.

आता हातात कापड घे. सुलट बाजू वर. पहिली गोष्ट, कात्री लावण्याआधी कडेजवळचा एक धागा सुईच्या टोकाने उचलून हळूहळू ओढून काढ. तो निघाला की कापडात एक बारीक रेघ उमटते, त्या रेघेवर काप. पट्टी ठेवून कापलंस तर डोळ्याला सरळ दिसेल, पण धाग्याला तिरपं जाईल. तिरपी गेलेली कड वळताना पिळते, आणि तो पीळ नंतर कशानेही जात नाही. दहा नंबरची सुई घे. हात बसला की बारा नंबरची घेशील, नंबर वाढतो तशी सुई बारीक होते. रेशमी दोरा, एकपदरी, हातभर लांब. त्याहून लांब घेतलास तर पुन्हा पुन्हा कापडातून जाऊन त्याचा तजेला जातो. गाठ वळकटीच्या पोटात लपव. मग चार-पाच बोटं लांबीची कड वळ, पाच-सहा मिलीमीटरवर एक असे टाके घाल, दोरा हलकेच ओढ, कड आपोआप मिटते. नव्वदच्या चौकोनाला चारही बाजू मिळून तीनशे साठ सेंटीमीटर कड होते. म्हणजे सहाशे ते सातशे टाके. मला अजून दीड तास लागतो. पहिल्या वर्षी दोन दिवस लागायचे.

कोपरा मात्र सांगून येणार नाही. टोकाचा तिळाएवढा त्रिकोण कापायचा, उरलेलं टोक सुईने आत ढकलायचं, दुसरी बाजू त्यावरून वळवून आणायची आणि एकाच जागी तीन बारीक टाके. एवढंच आहे, पण ते माझ्यासमोर बसून करशील तेव्हाच जमेल. कोणताही स्कार्फ हातात आला की मी पहिल्यांदा त्याचे चार कोपरे चिमटीत धरते.

आता छपाईचं. कड सुलट बाजूवर वळली की त्या वळकटीवर दिसतं काय? कापडाची उलट बाजू. हे लक्षात आलं की अर्धी उत्तरं तुझी तुलाच मिळतील. रंग कापडात आरपार मुरलेला नसेल तर तुझ्या सुंदर निळ्या चौकटीभोवती चारही बाजूंनी फिकट पांढुरकी रेघ येईल. डिजिटल छपाईत ही अडचण पुष्कळ वेळा येते, शाई वरच्या बाजूला राहते आणि पाठ फिकी पडते. जाळीच्या छपाईत, म्हणजे स्क्रीन प्रिंटिंगमध्ये, एकेका रंगाला एकेक जाळी लागते. वीस रंग तर वीस जाळ्या, प्रत्येक नेमकी त्याच जागी बसवायची. खर्चिक काम आहे, पण रंग कापडाच्या पोटात उतरतो. छपाईनंतर कापडाला वाफ द्यावी लागते, रंग पक्का होतो तो त्या वाफेत, आणि मग धुऊन जास्तीचा रंग काढतात. म्हणून छापणाऱ्याकडे जाशील तेव्हा नमुना उलटा करून बघ. पाठ आणि पोट यांत किती फरक पडतो ते बघ, दर त्यानंतर विचार. आणि चित्राला चारही बाजूंनी एकेक सेंटीमीटर जास्तीचा रंग सोड, कड तेवढं खाते.

कापड घेताना वजन कर. रेशमाची जाडी मॉमी या मापात सांगतात. एक मॉमी म्हणजे एका चौरस मीटरला 4.34 ग्रॅम. सोळा मॉमीचा नव्वदचा चौकोन साधारण छप्पन्न ग्रॅम भरतो. मी नमुना घेऊन सरळ सराफ बाजारातल्या ओळखीच्या पेढीवर जाते आणि काट्यावर टाकते. आठ मॉमीचं कापड सोळाचं म्हणून गळ्यात मारणारे भेटतात, काटा दोन मिनिटांत सांगतो. हलक्या कापडाची कड वळते, पण स्कार्फ गळ्यावर पडत नाही, उडतो. आणि दोन धागे जाळून बघ. केस जळल्याचा वास आला, राख बोटाने चुरडली, तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर ते दुसरंच काही.

येवल्याला एकदा जाऊन ये. निफाड-विंचूरवरून दोन तासांचा रस्ता. रेशमाच्या अंगात किती शिस्त असते ते माग बघितल्यावर कळेल. पैठणीच्या पदरावर मोर विणताना कोष्टी प्रत्येक रंगाची वेगळी तिल्ली, म्हणजे धागा गुंडाळलेली कांडी, घेतो. एक रंग संपतो तिथे दोन धागे एकमेकांत अडकवून मागे फिरवतो. म्हणून मोर दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, मागे लोंबणारे धागे नसतात. यंत्रमागावरचा पदर उलटा केलास की मोराच्या पाठीमागे धाग्यांचं जंजाळ दिसेल नाहीतर कातरलेली टोकं. तिथे आता पैठणीचे स्टोलही विणतात. त्यांच्या लांब कडा मागावरच पक्क्या होऊन येतात, फक्त टोकांच्या दशा राहतात. दशांना पीळ देण्याचंही काम शिकून घे. दोन जुड्या एकाच दिशेला पिळायच्या आणि एकत्र करताना उलट दिशेला, म्हणजे त्या एकमेकींना धरून ठेवतात. एक विनंती मात्र मनापासून करते. तुझ्या स्कार्फवर मोर छापलास तर त्याला पैठणी म्हणू नकोस. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण मला त्या कागदापेक्षा खड्ड्याच्या मागावर पाय सोडून महिनोन्‌महिने बसलेली माणसं आठवतात. ते नाव त्यांच्या हातांचं आहे.

तू लिहिलंस की मागवलेल्या नमुन्याची कड वळतच नाही, उभी राहते. कापड नीट उकळलेलं नसेल. कोशातल्या तारेवर निसर्गतःच डिंक असतो, साबणाच्या गरम पाण्यात तो काढतात आणि रेशमाचं जवळपास पाव वजन तिथेच जातं. वजन वाचवायला कुणी डिंक अर्धवट ठेवला की कापड करकरीत लागतं. चैत्र-वैशाखातही त्रास होतो. नाशकाच्या कोरड्या उन्हात रेशीम फुरफुरतं, बोटाला चिकटतं. मी तेव्हा कापडाशेजारी ओला पंचा पसरून ठेवते. आत्ता श्रावणात बघ, कड कशी शहाण्यासारखी वळते.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, ती तुझ्या हातून होऊ नये. एका दुकानाचे चाळीस स्टोल होते. रात्रभर बसून कडा पूर्ण केल्या आणि पहाटे, माल नीटनेटका दिसावा म्हणून, सगळ्यांवरून इस्त्री फिरवली. कडांवरूनसुद्धा. चाळीसच्या चाळीस कडा पोळीसारख्या चपट्या झाल्या. दुकानदाराला फरक कळला नाही, त्याने पैसे मोजले. मला मात्र तो माल जाताना बघवेना. वेळ मागून घेतला, वाफेवर धरून काही कडा फुलवल्या, बाकीच्या उकलून पुन्हा वळल्या. अकरा दिवस गेले. इस्त्री आतल्या भागावरच फिरव, कडेच्या अलीकडे दोन बोटं थांब.

त्याच दुकानाने पुढे वळलेल्या कडेला पिकोचाच दर लावला. पिको करणाऱ्या बायांबद्दल मला पूर्ण आदर आहे, मी त्यांच्यातलीच. पण पिकोला दहा मिनिटं लागतात आणि याला दीड तास. तू उद्या मदतीला बायका घेशील तेव्हा नगावर पैसे देऊ नकोस, तासावर दे. नगावर दिलेस की टाके लांब पडू लागतात, आणि त्यात त्यांचा दोष नसतो. किंमत ठरवताना कापड, जाळ्या, वाफ, धुलाई यांच्याबरोबर ते तास पूर्ण धर. त्या हिशेबात किंमत तुझ्या मनातल्या आकड्याच्या वर जाईल. जाऊ दे. पन्नास करू नकोस. आठ कर. आठही तूच वळ, अगदी पहिल्यापासून शेवटच्या कोपऱ्यापर्यंत, आणि प्रत्येकाला किती वेळ लागला ते वहीत लिहून ठेव. दर काय लावायचा ते त्या वहीतून निघेल.

गुरुवारी दुपारी तीननंतर ये, तेव्हा माझ्या खिडकीत चांगला उजेड असतो. दिव्याखाली पांढऱ्या रेशमावर पांढरा टाका दिसत नाही. येताना नवं कापड आणू नकोस, आईची एखादी विटलेली रेशमी साडी असेल तर तिचा तुकडा आण. आदल्या रात्री हातांना खोबरेल लाव, खरखरीत बोटाला रेशमाचे धागे अडकतात. सकाळी मात्र साबणाने स्वच्छ धू, तेलाचा डाग रेशमावरून सहजासहजी निघत नाही. आणि नखं कापून ये.

तुझी,
काकू