उत्तर ठाऊक असलेले कोडे

प्रश्न : जुन्या अभिजात रहस्यकथा मी आजही आवडीने वाचतो, पुष्कळदा तर गुन्हेगार कोण हे ठाऊक असतानाही. डीएनए चाचणी, मोबाईलच्या नोंदी आणि जागोजागी कॅमेरे असलेल्या काळात भिंग घेऊन ठसे न्याहाळणारा गुप्तहेर कालबाह्य का वाटत नाही? की हे निव्वळ स्मरणरंजन आहे?

उत्तर : स्मरणरंजनाने याचा उलगडा होत नाही, कारण विशीतले वाचकही या कथा वाचतात आणि न पाहिलेल्या काळासाठी हळवे होण्याचे त्यांना काही कारण नाही. शिवाय या कथा त्यांच्या काळात मुळीच जुनाट नव्हत्या. 1887 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या कादंबरीत शेरलॉक होम्स आपल्याला प्रथम भेटतो तो प्रयोगशाळेत, रक्ताचा डाग खात्रीने ओळखणारे रसायन सापडल्याच्या आनंदात. गंमत अशी, की ते रसायन आज फारसे कुणाच्या लक्षात नाही. लक्षात राहिला तो 1892 च्या ‘सिल्व्हर ब्लेझ’ या कथेतला कुत्रा. शर्यतीचा घोडा रात्री तबेल्यातून नाहीसा होतो, तबेल्यात कुत्रा असतो आणि तो भुंकत नाही. त्यावरून होम्स ओळखतो, की रात्री आलेला माणूस कुत्र्याच्या ओळखीचा होता. कुत्रा तिथे होता आणि माळ्यावर झोपलेल्या पोरांना काहीच ऐकू आले नाही, हे वाचकाला आधीच सांगितलेले असते. धागा आपल्याही हातात होता, आपण तो ओढला नाही, एवढेच. 1984 मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांनी शोधलेल्या डीएनए-ठशाच्या तंत्राने रक्त कुणाचे हे कळते. ते तिथे का सांडले, हा प्रश्न मात्र तसाच उरतो आणि रहस्यकथेचा खरा व्यवहार त्या प्रश्नाशी आहे.

माझ्या मते या कथांची खरी ओढ आहे ती लेखक आणि वाचक यांच्यातल्या सचोटीच्या करारात. दोन महायुद्धांच्या दरम्यान या लेखकांनी तो करार अक्षरशः लिहून काढला. स्वतः धर्मगुरू असलेल्या रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये दहा नियम मांडले : गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकापासून लपवायचा नाही, अज्ञात विष वापरायचे नाही, गुप्त खोली किंवा भुयार एकाहून अधिक नको. लंडनमध्ये 1930 मध्ये स्थापन झालेल्या ‘डिटेक्शन क्लब’ या रहस्यकथालेखकांच्या मंडळात सदस्यांना अशाच आशयाची शपथ घ्यावी लागे. (शपथविधी अर्थातच थट्टेच्या सुरात होई, पण थट्टेमागची निष्ठा खरी होती.) एलरी क्वीन या नावाने लिहिणारे दोघे मावसभाऊ तर शेवटाआधी कथा थांबवून वाचकाला जाहीर आव्हानच देत : सारे पुरावे तुमच्यासमोर आहेत, आता उत्तर तुम्ही शोधा. आजच्या अनेक थरारकथा महत्त्वाची माहिती दडवून अखेरीस धक्का देतात. तो धक्का बसतो खरा, पण हरल्याचा आनंद त्यात नसतो, कारण आपल्याला खेळात घेतलेलेच नसते.

उत्तर ठाऊक असूनही आपण पुन्हा का वाचता, हेही इथेच समजते. पहिल्या वाचनात आपण गुप्तहेराच्या मागे असतो, दुसऱ्या वाचनात लेखकाच्या. अगाथा ख्रिस्ती यांच्या 1926 च्या ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’ या कादंबरीवर, हा वाचकाशी केलेला दगा आहे, असा आरोप झाला होता. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी अधिक सांगत नाही. मात्र दुसऱ्यांदा वाचताना अत्यंत साध्या वाक्यांत किती काय उघड्यावर ठेवले होते हे दिसते आणि आरोप करणाऱ्यांपेक्षा लेखिकेच्या हातचलाखीचेच अधिक कौतुक वाटते.

या कथांतली पात्रे पुष्कळदा पुठ्ठ्याची असतात, हा आक्षेप मला मान्य आहे. स्वतः रहस्यकथा लिहिणाऱ्या रेमंड चँडलर यांनी 1944 च्या एका लेखात त्यांच्या कृत्रिमतेवर कडक टीका केली होती, तीही बव्हंशी रास्त होती. शेवटी सारे सुरळीत होते म्हणून या कथा दिलासा देतात, असेही नेहमी म्हटले जाते. ते मला अर्धेच पटते. खुनी सापडतो, पण तोवर घरातल्या जवळजवळ प्रत्येकाने काही ना काही खोटे सांगितल्याचेही उघड झालेले असते.

पुनर्वाचनासाठी जॉन डिक्सन कार यांची 1935 ची ‘द हॉलो मॅन’ अवश्य घ्या. तिच्यात तपास करणारे डॉ. फेल मध्येच कथा थांबवून, बंद खोलीत खून कोणकोणत्या रीतींनी करता येतो, यावर आख्खे प्रकरणभर व्याख्यान देतात. पहिल्यांदा ते प्रकरण उगाच लांबण लावल्यासारखे वाटण्याचा संभव आहे; उत्तर कळल्यानंतर ते हातात पेन्सिल घेऊन वाचून पाहा.