इंजिन अजून कुणी पाहिलं नाही, टोकन मात्र आजच हवंय

प्रश्न: माझं वय ४१. सहा वर्षांपूर्वी घेतलेली स्पोर्ट्स कार आहे, तिचं कर्ज फिटलंय. याच मॉडेलची पुढची पिढी वर्षभरात येईल आणि तिच्यात टर्बोऐवजी (टर्बो म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) मोठं, वरच्या आरपीएमपर्यंत (मिनिटाला होणारे फेरे) मोकळं फिरणारं नवं इंजिन असेल अशी, झाकलेल्या टेस्ट गाडीचा व्हिडिओ आणि एका पेटंटवरून, जोरदार चर्चा आहे. कंपनी गप्प आहे. डीलर म्हणतो, आत्ता टोकन भरलं तर पहिल्या खेपेत नंबर लागेल, आणि बातमी पक्की झाली की जुन्या गाडीला भाव राहणार नाही, तेव्हा ती आजच काढून टाका. मुलीच्या शिक्षणाच्या पैशातले थोडे काढायचे आणि उरलेल्याचं कर्ज घ्यायचं असा विचार आहे. घाई होतेय का?

उत्तर: होतेय. पण नेमकी कुठे, ते जरा सावकाश पाहू, कारण तुमचं सगळंच चुकलेलं नाही.

तुम्ही पाठवलेले आकडे मी आधी पगारात बदलून घेतले. एक पगार म्हणजे तुमच्या हातात येणारे महिन्याचे पैसे. ही माझी जुनी खोड आहे. गाडीची किंमत पैशांत सांगितली की माणूस मान डोलावतो, पगारात सांगितली की खुर्चीत सरळ बसतो. तर, नवी गाडी २६ पगार. जुनीचे आज १२ येतील. मधले १४ हवेत, त्यातले ५ मुलीच्या शिक्षणाच्या १८ मधून आणि ९ चं कर्ज. हाताशी अडीअडचणीला ४. दरमहा पगाराचा पाचवा हिस्सा शिल्लक पडतो आणि वर्षाला दोन पगार बोनस मिळतो.

यातला २६ हा आकडा कुठून आला? चालू मॉडेल २२ ला आहे, त्यावर तुम्ही चार पगार अंदाजाने चढवलेत. म्हणजे इंजिनाची अफवा आहेच, किंमतसुद्धा अफवाच आहे, आणि या दोन अफवांच्या मधोमध तुमचं खरंखुरं टोकन जाऊन बसणार आहे.

आधी इंजिनाचं बोलू. मीही रात्री बारा वाजता कानाला हेडफोन लावून सायलेन्सरचे आवाज ऐकणाऱ्यांपैकीच आहे, त्यामुळे तुमची उत्सुकता मला कळते. पण झाकलेल्या टेस्ट गाडीचा व्हिडिओ आणि त्यातला आवाज यावरून फार काही ठरत नाही. चाचणीत जुन्या बॉडीत नवं इंजिन बसवतात, नव्या बॉडीत जुनंही बसवतात. पेटंटचं म्हणाल तर पेटंट घेतलेल्या कितीतरी गोष्टी कधी गाडीत येतच नाहीत.

आणि कंपनीने स्वतः लोकांपुढे ठेवलेलं इंजिनही बदलतं. १९८८ मध्ये बर्मिंगहॅमच्या मोटर शोमध्ये जॅग्वारने एक्सजे२२० उभी केली तेव्हा तिच्यात व्ही१२, म्हणजे बारा सिलिंडरचं इंजिन होतं आणि ताकद चारही चाकांना जात होती. पुढे लोकांनी ५०,००० पौंडांची अनामत भरून नंबर लावले. १९९२ पासून गाड्या हातात येऊ लागल्या, त्या साडेतीन लिटरच्या, दोन टर्बोंच्या व्ही६ इंजिनाच्या, आणि ताकद फक्त मागच्या चाकांना. मधल्या काळात किंमत चढली होती, मंदीही आली होती. अनेकांना बाहेर पडायचं होतं, पण करार सोडत नव्हता. प्रकरणं कोर्टात गेली. गाडी वाईट होती असं अजिबात नाही. काही काळ ती जगातली सर्वांत वेगवान प्रॉडक्शन कार होती. बाहेर पडू पाहणाऱ्यांना त्या वेगाचा काही उपयोग नव्हता, त्यांना कराराचं कलम हवं होतं.

म्हणून टोकनबद्दल माझं म्हणणं सरळ आहे. कारण न देता पूर्ण परत मिळणार असेल, तसं लेखी असेल, आणि अंतिम किंमत व इंजिन जाहीर झाल्यावर तुमची पुन्हा सही लागणार असेल, तर भरा. ते टोकन म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली. पण 'साहेब, परत मिळतंच' हे तोंडी असेल, तर ते परत मिळत नाही असंच धरून चला. शिवाय टोकन कुणाच्या नावाने जमा होतंय, कंपनीच्या की डीलरच्या, तेही पाहा. डीलरच्या खात्यात पडलेले पैसे डीलर अडचणीत आला तर त्याच्याबरोबरच अडकतात.

आता जुनी गाडी विकण्याचं. तुम्हाला वाटतं, बातमी फुटायच्या आत विकली की चांगला भाव मिळेल. पण ती बातमी तुम्ही वाचलीत, मी वाचली, आणि तुमची गाडी विकत घेणाऱ्यानेही वाचली आहे. डीलरने १२ चा भाव लावला तो हे सगळं धरूनच. जो माणूस तुम्हाला नवी विकतोय तोच जुनी घेतोय, आणि 'आजच काढा' असा सल्लाही तोच देतोय. यात त्याचा काही गुन्हा नाही, तो त्याचा धंदा आहे. फक्त त्याला सल्लागार समजू नका. आणि एक अगदी साधा प्रश्न तुमच्या पत्रात कुठेच नाही: नवी गाडी यायला वर्ष आहे, तोवर फिरणार कशात?

इंजिनाची बातमी खरी ठरली म्हणजे जुन्याचा भाव पडणारच, हेही पक्कं नाही. २०२२ मध्ये मर्सिडीज-एएमजीची नवी सी ६३ आली. चार लिटरचं व्ही८ गेलं आणि त्याजागी दोन लिटरचं चार सिलिंडरचं हायब्रिड. असं होणार ही अफवा आधीपासून होती, ती शब्दन् शब्द खरी निघाली. ताकद वाढून ६८० हॉर्सपॉवर झाली, गाडीचं वजन दोन टनांच्या वर गेलं, आणि चाहत्यांचा मोठा वर्ग जुन्या व्ही८ साठी हळहळत बसला. उलट दिशेचं उदाहरण पोर्शच्या ९११ आरचं. २०१६ मध्ये फक्त ९९१ गाड्या निघाल्या, चार लिटरचं बिनटर्बो इंजिन आणि हाताने टाकायचे गिअर, जे तेव्हाच्या जीटी३ मध्ये (९११ चीच रेसिंगच्या धाटणीची आवृत्ती) मिळतच नव्हते. पुनर्विक्रीत लोक मूळ किमतीच्या कित्येक पट मागू लागले. पुढच्याच वर्षी कंपनीने साध्या जीटी३ ला मॅन्युअल देऊ केलं आणि ते भाव खाली आले. म्हणजे पुढचं इंजिन अचूक ओळखलं तरी भाव कुठे जाईल ते ओळखता येत नाही. तेव्हा 'पडेल म्हणून विकतो' आणि 'चढेल म्हणून ठेवतो', दोन्ही सोडून द्या. जुनी गाडी चालवायला आहे, चालवा.

पहिल्या खेपेचा मोहही जरा आवरा. पोर्शच्याच ९९१ या सांकेतिक नावाच्या पिढीतल्या जीटी३ मध्ये ९,००० आरपीएमचं नवंकोरं इंजिन आलं होतं. २०१४ च्या सुरुवातीला दोन गाड्यांना आग लागली आणि कंपनीला मालकांना गाडी चालवू नका असं सांगावं लागलं. इंजिनातल्या कनेक्टिंग रॉडचा (पिस्टनला जोडलेल्या दांड्याचा) बोल्ट सैल होत होता. शेवटी ७८५ गाड्यांची इंजिनं बदलून दिली. मालकांवर इंजिनाचा खर्च पडला नाही, पण गाड्या उभ्या राहिल्या. तुमच्या बाबतीत गाडी उभी आणि हप्ता चालू, असं चित्र असेल.

मला खरी काळजी आहे ती मुलीच्या पैशाची. तुम्ही 'थोडे' लिहिलंय. १८ मधले ५ म्हणजे चौथ्या हिश्श्याहून जास्त. पाच वर्षांनी ते लागणार आहेत. ८ टक्के परतावा धरला तर आजचे ५ पगार तेव्हा ७.३ झाले असते. परत भरून टाकू म्हणाल, तर कशातून? ९ पगारांचं कर्ज, ५ वर्षं, १० टक्के व्याज: हप्ता पगाराच्या १९ टक्के बसतो. तुमची शिल्लक २० टक्के. उरला एक टक्का, आणि त्यातून नव्या गाडीचा वाढीव विमा, टायर आणि ब्रेक भागवायचे. वर अडीच पगार नुसतं व्याज. मुलीला यातलं काहीच विचारलेलं नाही, म्हणून तिच्या वतीने मी नाही म्हणतो.

मग गाडी घ्यायचीच नाही का? घ्या, पण दोन वर्षांनी, आणि पहिल्या मालकाने वर्षभर वापरलेली. पहिल्या वर्षात पाचवा हिस्सा उतरला असं धरू, म्हणजे २६ ची २१ ला. तुमच्या जुन्या गाडीचे तोवर वाईटात वाईट ९ येतील. १२ कमी पडतात. दोन वर्षांचा बोनस ४, आणि मासिक शिल्लकेतला निम्मा भाग वेगळ्या खात्यात टाकला तर २.४. उरले ५.६ पगार. त्याच व्याजाने हप्ता पगाराच्या १२ टक्क्यांच्या आत येतो. मुलीचे पैसे जागेवर, अडीअडचणीचे ४ जागेवर. मुख्य म्हणजे तोवर इंजिन कोणतं आहे ते सगळ्या जगाला माहीत झालेलं असेल, त्याची दुखणीही. नव्या गाडीला मागणी इतकी निघाली की वर्षभर वापरलेली गाडी २१ ला मिळेना, तर आणखी थांबा. तुमच्या दारात चालणारी गाडी आहे; थांबणं तुम्हाला स्वस्त पडतं, डीलरला नाही.

सध्या दोनच कामं करा. गाडीसाठी वेगळं खातं उघडा आणि पुढच्या पगारापासून त्यात १० टक्के वळवा. आणि डीलरकडून बुकिंगचा कोरा फॉर्म मागून घ्या, सही न करता. त्याच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरात रद्द करण्याची आणि किमतीत बदल करण्याची कलमं असतील. त्या पानाचा फोटो मला पाठवा, टोकनचं मग ठरवू.