धावता धावता पडला, ती नुसती चक्कर नव्हे

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा १६ वर्षांचा, अकरावीला आहे, फुटबॉलचं भयंकर वेड. गेल्या महिन्यात प्रॅक्टिसला बॉलमागे धावता धावता एकदम तोंडावर आपटला, ओठ फुटला, मिनिटभर शुद्ध नव्हती, मग आपणहून उठून बसला. सर म्हणाले ऊन लागलं असेल. इथे एका दवाखान्यात नेलं तर बीपी बघून टॉनिक लिहून दिलं. आता ठणठणीत आहे, पुढच्या आठवड्यात मॅच आहे म्हणून मागे लागलाय. पाठवू का? सगळे म्हणतात या वयात हार्टचं काही नसतं. ता.क. संबंध आहे की नाही माहीत नाही, पण माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा असताना वाळवंटी नदीत बुडून गेला, उत्तम पोहायचा तो.
– एक आई, साखळी

उत्तर : ताई, तुमचा तो ता.क. पत्राच्या पहिल्या ओळीत हवा होता. आधी एवढंच सांगतो, मॅचला पाठवू नका, प्रॅक्टिसला पण नको, आणि तपासण्या होईपर्यंत पोहायलाही नको.

चक्कर चक्करीत फरक असतो. शाळेच्या प्रार्थनेला उभं राहून राहून, रक्त बघून, उपाशीपोटी देवळात गर्दीत उभं राहून जी येते तिच्यात आधी घाम सुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, माणूस कशाला तरी धरतो नाहीतर खाली बसतो, ती बहुतेक वेळा निरुपद्रवी. धावताना, ऐन जोरात असताना, काही सूचना न देता आडवा होणारा पोरगा वेगळा. ओठ फुटला म्हणजे हात पुढे टाकायलाही वेळ मिळाला नाही, आणि हे टॉनिकचं काम नव्हे!

आता भावाचं. पट्टीचा पोहणारा बुडाला की आपल्याकडे लोक म्हणतात देवचाराने ओढलं, नाहीतर पायात गोळा आला. असेलही गोळा, इतक्या वर्षांनी कोण सांगणार. पण लाँग क्यूटी नावाचा एक आनुवंशिक दोष आहे, साधारण २००० माणसांत एकाला असतो, हृदयाची रचना अगदी नॉर्मल पण वीज पुन्हा चार्ज व्हायला वेळ लागतो, आणि त्याच्या एका प्रकारात पोहणं हेच निमित्त होतं. दुसरा दोष म्हणजे हृदयाचा स्नायू जाड होणं, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, हा ५०० त एकाला, आणि पोरगा वर्षानुवर्षं मैदान गाजवत असतो, कुणाला पत्ताच नसतो. दोन्ही घराण्यात उतरतात, आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तुमच्या मुलाला हेच आहे असं मी म्हणत नाही, पण ही शंका फेडल्याशिवाय पुढे जायचं नाही.

करायचं काय, तर गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात, बांबोळीला कार्डिओलॉजीत दाखवा, ईसीजी, इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मग ते सांगतील तशी ट्रेडमिल किंवा होल्टर, म्हणजे २४ तास अंगावर लावून ठेवायचा ईसीजी. नुसता एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी येऊ नका, लाँग क्यूटीत कधीकधी झोपून काढलेला ईसीजी साफ असतो. तोवर कुणी सर्दीखोकल्याला अँटिबायोटिक दिलं तर ही हकीगत आधी सांगा, अझिथ्रोमायसिनसारखी काही औषधं क्यूटी, म्हणजे तो चार्ज व्हायचा वेळ, आणखी लांबवतात. आणि पेपरवर घराण्याची यादी करून न्या, पन्नाशीच्या आत कोण अचानक गेलं, कोण झोपेत गेलं, कुणाला लहानपणी फिट यायच्या. तुमच्या आईला विचारा, बायकांना हे सगळं तारीखवार आठवत असतं.

निदान झालं तरी फुटबॉल कायमचा संपतोच असं नाही. डेन्मार्कचा फुटबॉलपटू एरिक्सन आठवतोय ना, १२ जून २०२१, युरो कपच्या मॅचमध्ये कोपनहेगनला पडला, तिथेच छाती दाबली, शॉक दिला, वाचला, छातीत आयसीडी, म्हणजे ठोके बिघडले की आपोआप शॉक देणारं छोटं यंत्र, बसवून परत खेळला. इटलीत मात्र आयसीडी घेऊन खेळता येत नाही म्हणून त्याला तिथला इंटर मिलान क्लब सोडावा लागला. त्याच इटलीत १९८२ पासून स्पर्धेत उतरणाऱ्या खेळाडूला ईसीजी सक्तीचा आहे. आपल्याकडे गोव्याच्या डेंपो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर २००४ च्या डिसेंबरात बंगळूरूला फेडरेशन कपच्या फायनलमध्ये गोल मारता मारता गोलकीपरशी टक्कर होऊन पडला तो उठलाच नाही. त्या दिवशीचं जुन्या फुटबॉलवाल्यांना विचारा, अजून आवाज बदलतो.

सरांना पण हे वाचायला द्या, रागाने नको. पोरगा पडला, हाक मारून उठत नाही, श्वास नीट नाही, तर कांदा-चप्पल हुंगवू नका, पाणी मारत बसू नका. हातपाय झटकले तर लोक फिट समजतात, मधूनच घशातून घरघर आली की म्हणतात श्वास चालू आहे, तो श्वास नव्हे. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने लगेच छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात दाबायचं, ५-६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, आणि शॉकचं मशीन, एईडी, जवळ असेल तर पळत आणायचं. काहीच केलं नाही तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी उतरते, ॲम्ब्युलन्स कितीही पळाली तरी साखळीच्या बाजारातून यायला वेळ लागणारच.

पोरगा आठवडाभर फुगून बसेल, जेवणार नाही, बसू दे. आणि हो, त्याच्यासोबत तुमचा स्वतःचा ईसीजी पण काढून घ्या, भाऊ तुमचा होता.