जाळरेषेवर पहिल्यांदा जातोयस, तर मातीकडे बघ

जाळरेषा म्हणजे वणवा पुढे पसरू नये म्हणून जंगलात आधीच जाळून मोकळ्या केलेल्या पट्ट्या. आपल्याकडे त्या 15 फेब्रुवारीच्या आत जाळून संपवायच्या असतात, कारण त्यानंतर वणव्याचा हंगाम. ज्वाळा किती उंच यापेक्षा आग एका जागी किती वेळ थांबते ते बघ. गवत आणि सागाचा सुटा पाला भरभर जळून जातो, दोन-तीन बोटं खालच्या मातीला धग फारशी लागत नाही. तिथली बुरशी बहुतेक वाचते. पण पडलेलं खोड तासन्‌तास धुमसलं, की खालची माती भाजून निघते, कधी विटेसारखी लाल होते. अशी खोडं आधीच ओढून बाजूला काढ.

माती थंड झाली की खुरप्याने थोडं उकर. पाल्याखालचे पांढरे धागे बहुधा कुजवणाऱ्या बुरशीचे असतात. सागाच्या मुळांत राहून त्याला स्फुरद (फॉस्फरस) मिळवून देणारी बुरशी नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. तेव्हा धागे गेले म्हणजे सगळं मेलं, असं समजू नकोस.

सागाचं रोप वरून जळलं तरी बुंध्यापासून पुन्हा फुटतं. मात्र दरवर्षी आग रेषेबाहेर गेली, तर बिचारं वर येतच नाही. कडेला रोपं असतील तिथे वनरक्षकांशी बोलून पाला झाडूनच घे.