आगरातला पांढरा साप

प्रश्न : गुहागरला आमच्या आगरात चिऱ्याच्या गडग्यावर पिवळसर पांढरा साप दिसला. सासूबाई म्हणतात, राखणदार आहे, दूध ठेव. कात टाकल्यामुळे असा दिसतो का?

उत्तर : वहिनी, दूध चहाला ठेवा; साप दूध पीत नाहीत. कातीचंही कारण नाही. कात टाकायच्या आधी साप मळकट दिसतो आणि डोळ्यांवर निळसर साय येते. कात टाकली की मूळ रंग उजळतो, पांढरा होत नाही.

खरी खूण डोळ्यांत. अल्बिनो सापाच्या अंगात मेलॅनिन हे काळं रंगद्रव्य तयार होत नाही, म्हणून बाहुलीसुद्धा लालसर दिसते, आतलं रक्त दिसतं ना! पिवळी-तांबडी रंगद्रव्यं मात्र शिल्लक असतात. तुम्हाला दिसलेला पिवळसरपणा त्यांचाच असावा. अंग पांढरं पण डोळे काळेभोर, तर तो ल्यूसिस्टिक; प्रकार वेगळा.

दोन वर्षांपूर्वी आमच्या पाणचुलीमागे, शेणींच्या ढिगात असाच एक निघाला. शेजारी म्हणाले, 'धामण असेल.' मी टॉर्च मारला, तर त्याने फणा काढला. वरचा आकडा अगदी फिका, गुलाबी कागदावर पेन्सिलीने काढल्यासारखा. रंग गेला तरी विष जात नाही.

तेव्हा डोळे बघायला वाकू नका, लांबून मोबाइलने फोटो झूम करा. घरात शिरला तर वनखात्याला किंवा सर्पमित्राला बोलवा. मारू नका, 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. सासूबाईंना राखणदार म्हणू दे, तेवढाच वाचेल बिचारा.