गाडीचं विचारा: आबांची फियाट की नवी टियागो?

प्रश्न (अमळनेरहून): नमस्कार दादा, आमच्या आबांची 1969 ची फियाट 1100 डिलाइट अजून चालू कंडिशनमध्ये आहे आणि घरात आता टियागोपण आलीये. काका म्हणतात जुना पत्रा जाड, ठोकली तरी माणसाला काही होत नाही, नवीन गाड्या म्हणजे नुसता डबा. कामासाठी जळगाव, चाळीसगाव चालूच असतं. उन्हाळ्यात फियाट मधेच बंद पडते, थंड झाली की परत सुरू होते. रोज वापरू का विकून टाकू?

उत्तर: भाऊ, विकू नका, आणि रोजही वापरू नका.

आधी काकांचं, कारण हा गैरसमज आपल्याकडे घरोघरी आहे आणि जिवावर बेततो. पत्रा वाकला नाही तर धक्का जाणार कुठे, तो सरळ आतल्या माणसाला बसतो. नव्या गाडीचं तोंड मुद्दाम चुरगळेल असं बनवतात, ते चुरगळता चुरगळता धक्का खातं आणि मधली केबिन वाचते, वरून सीटबेल्ट, एअरबॅग. डिलाइटमध्ये यातलं काही नाही, समोरून ठोकर बसली तर स्टिअरिंगचा लोखंडी दांडा ड्रायव्हरच्या छातीवरच येतो. आणि वजन म्हणाल तर फियाट साधारण 900 किलोची, टियागो तेवढीच किंवा थोडी जास्तच भरते.

ब्रेकचंही तेच, फियाटला चारही चाकांना ड्रम ब्रेक, म्हणजे चाकातल्या बंद डब्यात आतून घासून थांबवणारे. सपाटीला निभतं, पण कन्नड घाट उतरून चाळीसगावला येताना सारखा ब्रेक दाबत राहिलात तर ड्रम तापतात आणि पेडल दाबूनही गाडी हवी तशी थांबत नाही, वरूनच सेकंड गियर टाकून उतरायचं. टियागोला पुढे उघडे डिस्क ब्रेक आणि एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आहे.

आता बंद पडण्याचं. इंजिन बिघडलंय असं लगेच समजू नका, लक्षणं तरी उन्हाची दिसताहेत. फियाटचा पेट्रोल पंप, म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढून पुढे देणारा, इंजिनलाच बसवलेला, मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच 44-45 डिग्री, बॉनेटखाली तर विचारूच नका, मग पेट्रोलची पंपातच वाफ होते आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरपर्यंत काही पोचत नाही. जुने ड्रायव्हर पंपावर ओलं फडकं टाकून थांबायचे, तो उपाय आजही चालतो. टियागोचा पंप टाकीत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो म्हणून तिला हा त्रास नाही. त्यात आता पेट्रोल भरायला जातो तिथे 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं, त्याची वाफ लवकर होते आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. पेट्रोलचा पाइप बोटांनी दाबून बघा, मऊ, चिकट लागला किंवा भेगा दिसल्या तर त्याच दिवशी बदला, तापलेल्या इंजिनवर पेट्रोल गळालं की आग लागते. पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला लवचिक पडदापण, इथेनॉल चालणाराच बसवून घ्या.

कागदांचं थोडक्यात: 50 वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाडीची 2021 च्या नियमाने विंटेज नोंदणी होते, फी 20 हजार, मुदत 10 वर्षं, जुना नंबर तोच राहतो. पण मग ती फक्त रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्तीसाठीच रस्त्यावर आणता येते. माझं ऐकाल तर साधी आरसी, म्हणजे नेहमीची नोंदणीच 5-5 वर्षांनी रिन्यू करा, कारण स्टिअरिंगजवळच्या त्या हॅन्डगियरने गाडी चालवायची मजा कुठल्याच नव्या गाडीत नाही आणि आबांनी जपलेली गाडी नुसती शेडमध्ये धूळ खात ठेवू नये असं मला मनापासून वाटतं. जळगाव-चाळीसगाव टियागोने करा. फियाट रविवारी ऊन चढायच्या आत पारोळ्यापर्यंत नेऊन आणा, आणि टाकी फार रिकामी ठेवू नका, इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं आणि टाकी आतून गंजते.